डेलावेअरची भागीदारी, टेक्सासमधली इमारत आणि कोर्टाचं बंद दार

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय पैशाचा आहे आणि रात्रीची झोप गेली आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आम्ही सांगलीचे चौघे वर्गमित्र. दोघं कॅलिफोर्नियात, एक न्यू जर्सीत, एक ओहायोत. २०२१ मध्ये चौघांनी मिळून टेक्सासमध्ये १४ घरांची एक जुनी इमारत घेतली. त्यासाठी डेलावेअरमध्ये लिमिटेड पार्टनरशिप काढली. एक छोटी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) जनरल पार्टनर, म्हणजे कारभार आणि पूर्ण जबाबदारी तिची; आम्ही चौघे लिमिटेड पार्टनर, म्हणजे घातलेल्या पैशापुरते. ऑनलाइन कागद करून देणाऱ्याने सांगितलं होतं की डेलावेअरची नोंद असली की देशात कुठेही धंदा करा. आम्ही ते खरं धरलं.

२०२३ च्या मे महिन्यात गारपीट झाली, छप्पर गेलं. १२ जूनला एका छप्परवाल्याशी करार केला, ३८,००० डॉलर आगाऊ दिले. त्याने दोन दिवस फळ्या टाकल्या आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. दीड वर्ष गोडीगुलाबीने मागितले. आता वकील गाठला, तर तो पहिल्याच भेटीत म्हणाला, "तुमची पार्टनरशिप टेक्सासमध्ये 'फॉरेन' आहे आणि नोंदलेली नाही. तुम्हाला इथल्या कोर्टात दावाच लावता येणार नाही." वर हेही सांगितलं की राज्याचा अटर्नी जनरल (सरकारचा मुख्य वकील) आमच्यावर कारवाई करू शकतो.

म्हणजे पैसे आमचे गेले आणि गुन्हेगारही आम्हीच? छप्परवाल्याशी केलेला करार रद्द समजायचा का? ओहायोतल्या मित्राने तर फक्त पैसे घातलेत, त्याच्या घरादारावर काही येईल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

टेक्सासकर
कृष्णाकाठ, आधी पाणी प्या. घाबरण्यासारखं थोडं आहे, पण बुडण्यासारखं काही नाही. मी ह्यूस्टनला २२ वर्षं आहे, भाड्याच्या इमारतींचे हिशेब बघतो.

'फॉरेन' म्हणजे परदेशी नव्हे, परराज्यातली. टेक्सासच्या दृष्टीने डेलावेअरची संस्था फॉरेनच. बाहेरच्या राज्यातल्या लिमिटेड पार्टनरशिपने इथे धंदा सुरू करण्याआधी सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे राज्याच्या संस्था-नोंदणी कार्यालयात, नोंदणी करायची असते, फी ७५० डॉलर. ती न करता ९० दिवसांपेक्षा जास्त धंदा केला, तर उशिराचं शुल्क लागतं, तेही दर वर्षामागे नोंदणीच्या फीएवढं. तुमची काही वर्षं झाली, तेव्हा काही हजार डॉलर धरून चाला.

कारवाईचं म्हणाल तर इथल्या बिझनेस ऑर्गनायझेशन्स कोडच्या नवव्या प्रकरणात ते सरळ लिहिलंय. अटर्नी जनरल कोर्टाकडून धंद्यावर मनाई हुकूम आणू शकतो. शिवाय नोंदणी वेळेवर केली असती तर जी फी आणि जो कर भरावा लागला असता, तेवढा दिवाणी दंड, व्याजासकट वसूल करू शकतो. पण तुमच्या इमारतीचं वर्षाचं भाडं फ्रँचायझी टॅक्सच्या (राज्याच्या धंद्यावरच्या कराच्या) मर्यादेच्या आसपासही नसणार. २०२४ आणि २०२५ च्या रिपोर्टसाठी ती मर्यादा २४ लाख ७० हजार डॉलर होती. म्हणजे कर शून्य, आणि त्यावरचा दंडही त्याच मापाने.

करार रद्द होत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण छप्परवाल्याचा वकील उलटंच सांगेल. नोंदणी नसली तरी करार वैध राहतो, आणि तुमच्यावर कुणी दावा लावला तर तुम्हाला बचावही करता येतो. फक्त स्वतः होऊन दावा चालवता येत नाही. नोंदणी केली की तीही आडकाठी जाते.

रेवा_एडिसन
वाचतेय. आम्ही तिघी मैत्रिणींनी पेनसिल्व्हेनियात एक दुकान घेतलंय, न्यू जर्सीच्या पार्टनरशिपच्या नावावर. आज घरी गेल्यावर पहिलं काम फाइल उघडणं.

गणूकाका
मला हे जरा अति वाटतं. नुसती मालमत्ता असणं म्हणजे धंदा नव्हे, असं त्याच कायद्यात आहे ना? मी ॲरिझोनात बसून तीन राज्यांत घरं घेतली, कुणी विचारलं नाही. राज्याकडे एवढी माणसं आहेत कुठे? फी म्हणजे खंडणी आहे. मागितली तर द्यावी, आपण होऊन कशाला?

टेक्सासकर
काका, वयाने तुम्ही मोठे आहात, पण इथे मला बोलावंच लागेल. कायद्यातली यादी मी वाचली आहे. राज्यात बँक खातं ठेवणं, भागीदारांची बैठक घेणं, ३० दिवसांत संपणारा एखादा सुटा व्यवहार, आणि 'दुसरं काही न करता' मालमत्तेची मालकी, एवढ्याला धंदा म्हणत नाहीत. सगळं त्या 'दुसरं काही न करता' मध्ये आहे. पडीक जमीन घेऊन ठेवली तर ठीक. १४ भाडेकरू, दर महिन्याचं भाडं, दुरुस्त्या, इमारत सांभाळायला ठेवलेला माणूस, ही नुसती मालकी राहत नाही.

आणि राज्याने विचारावं लागतच नाही. ज्याच्यावर तुम्ही दावा लावाल तोच विचारतो. त्याच्या वकिलाला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर तुमचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात.

दीपमाळ
टेक्सासकरांच्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं. आमच्यावर हे अक्षरशः असंच गुदरलंय.

आमची पार्टनरशिप नेवाडाची, इमारत टेक्सासमध्ये. एका भाडेकरूने चार महिने भाडं दिलं नाही. तीन दिवसांची घर सोडण्याची नोटीस दिली, जस्टिस कोर्टात अर्ज केला. इथे सुनावणी लवकर लागते, म्हणून निर्धास्त होतो. माझा नवरा कामावर रजा टाकून गेला. भाडेकरूच्या बाजूने मोफत कायदा मदतीची एक वकीलबाई उभी राहिली आणि तिने एकच कागद न्यायाधीशांपुढे ठेवला: या नावाची संस्था राज्यात नोंदलेली नाही. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, नोंदणी करून या, तोवर प्रकरण थांबवतो.

फेटाळलं नाही, थांबवलं. आम्ही त्या आठवड्यातच कागद भरले, उशिराचं शुल्क भरलं, तरी पुन्हा तारीख मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. ते भाडं कायमचं बुडालं. मला त्या बाईंचा राग आला नाही, खरंच. त्या त्यांचं काम करत होत्या. आम्ही आमचं केलं नव्हतं.

कृष्णाकाठ, तुमचे ३८,००० आहेत म्हणून तुम्हाला आज कळलं. उद्या भाडेकरूला काढायची वेळ आली असती तरी हेच झालं असतं.

शेवंती
मी कॅलिफोर्नियात, बे एरियात सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखी) आहे. टेक्सासचं सगळं बरोबर सांगितलंय वर. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो कुणी विचारला नाही. कृष्णाकाठ, जनरल पार्टनर असलेली ती एलएलसी चालवतं कोण? चेकवर सही कुठे बसून होते?

कृष्णाकाठ
मीच. फ्रीमाँटला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. भाड्याचा हिशेब, बँक, इमारत सांभाळणाऱ्याशी फोन, सगळं इथूनच. यात काही चुकलं का?

शेवंती
चूक नाही, पण तुमच्यामागे दुसरं राज्यही आहे. कॅलिफोर्नियाच्या कर कायद्यात 'धंदा' याची व्याख्या फार रुंद आहे: फायद्यासाठी इथे कुठलाही व्यवहार सक्रियपणे करणं. इमारत टेक्सासमध्ये असली तरी ती फ्रीमाँटमधून चालवली जाते, म्हणजे संस्था इथे धंदा करते. फ्रँचायझी टॅक्स बोर्डाचा, म्हणजे इथल्या कर खात्याचा, किमान वार्षिक कर ८०० डॉलर. उत्पन्न असो वा नसो. आणि तो दोन्ही संस्थांना, पार्टनरशिपला वेगळा आणि एलएलसीला वेगळा.

२०२१ ते २०२४ चार वर्षं, दोन संस्था, म्हणजे ६,४०० डॉलर, वर दंड आणि व्याज. २०२१ ते २०२३ मध्ये इथे नोंदणाऱ्या नव्या संस्थांना पहिल्या वर्षाचे ८०० माफ होते. पण ती सवलत नोंदणी करणाऱ्यांना. न नोंदलेल्यांनी ती घालवली. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय.

कर आणि नोंदणी यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत, हे मात्र ध्यानात ठेवा. कर लागतो म्हणून सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे नोंदणी आपोआप लागतेच असं नाही. तिथे राज्याच्या आत वारंवार केलेले व्यवहार बघतात, आणि तुमची इमारत बाहेर आहे. त्यावर वकिलाचं लेखी मत घ्या. कारण लागत असेल तर न नोंदलेल्या बाहेरच्या एलएलसीला रोज २० डॉलर दंड आहे, कमाल १०,००० पर्यंत.

सह्याद्रीपुत्र
कृष्णाकाठ, एक विचारू का? तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहात का? असाल तर एलएलसी स्वतः 'चालवणं' हा वेगळाच विषय होतो. पैसे गुंतवणं चालतं, पण रोजचं काम करणं म्हणजे नोकरी धरली जाऊ शकते. आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मग कुठल्याही सरकारी फॉर्मवर 'मॅनेजर' म्हणून नाव घाला.

कृष्णाकाठ
२०१९ पासून ग्रीन कार्ड आहे, देवाची कृपा. पण न्यू जर्सीतला मित्र एच-वन-बीवर आहे आणि त्याला आम्ही मॅनेजर करणार होतो, वाचलो. धन्यवाद.

शेवंतीताई, तुमचं उत्तर वाचून अर्धा तास नुसता बसून होतो. बायको म्हणाली, आजच कळलं हे बरं, १० वर्षांनी कळलं असतं तर?

इतिहासवेडा
या सगळ्याच्या मुळाशी जरा जातो, कारण 'खंडणी' हा शब्द मला पटला नाही.

अमेरिकेतला पहिला लिमिटेड पार्टनरशिपचा कायदा न्यूयॉर्कचा, १८२२ चा. कल्पना फ्रेंच. पैसे घालणाऱ्याची जबाबदारी त्याने घातलेल्या पैशापुरतीच. बदल्यात अट अशी की भागीदारीचा तपशील नोंदवायचा आणि सहा आठवडे दोन वर्तमानपत्रांत छापायचा. म्हणजे ज्याला उधार द्यायचं त्याला कळावं की घरदारासकट जबाबदार कोण, आणि फक्त आपल्या वाट्यापुरता कोण. सवलत हवी तर नाव उघड करा, असा तो सौदा.

बाहेरच्या राज्यातल्या संस्थांचा प्रश्न आधी कंपन्यांच्या बाबतीत आला. १८६९ च्या 'पॉल विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कंपनी ही राज्यघटनेच्या अर्थाने 'नागरिक' नाही, तेव्हा दुसरं राज्य तिला अटी घालू शकतं. पण साधी भागीदारी म्हणजे माणसंच, आणि माणसं नागरिक असतात. लिमिटेड पार्टनरशिप या दोहोंच्या मध्ये अडकली. १९१६ च्या नमुना कायद्यात (राज्यांनी उचलावा म्हणून केलेल्या मसुद्यात) बाहेरच्या राज्यातल्या भागीदारीबद्दल काही नव्हतं. त्यामुळे भीती अशी होती की शेजारच्या राज्यात गेलं की तिथलं कोर्ट लिमिटेड पार्टनरची ढाल मानेलच याची खात्री नाही. १९७६ च्या सुधारित नमुना कायद्यात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण घातलं: नोंदणी कशी करायची, न केल्यास काय, आणि अटर्नी जनरलने मनाई कशी मागायची.

त्याच कलमात तुमच्या ओहायोच्या मित्राचं उत्तर आहे. केवळ नोंदणी न करता धंदा झाला म्हणून लिमिटेड पार्टनरवर जनरल पार्टनरची जबाबदारी येत नाही. त्याला सांगा, निवांत झोप.

रेवा_एडिसन
इतिहासवेडा, ते वर्तमानपत्राचं न्यूयॉर्कमध्ये अजून आहे! माझ्या भावाने तिथे एलएलसी काढली, १२० दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत सहा आठवडे जाहिरात द्यावी लागली. मॅनहॅटनमध्ये ती फार महाग पडते. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने कार्यालय ऑल्बनी काउंटीत दाखवलं, तिथे खूप स्वस्तात झालं. २०० वर्षांपूर्वीची अट आहे हे त्याला आजच कळवते.

टपरीवरचा_चहा
डेलावेअरची लोकसंख्या १० लाखांच्या थोडी वर, आणि नोंदलेल्या संस्था २० लाखांहून जास्त. विल्मिंग्टनच्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एकमजली इमारतीच्या पत्त्यावरच काही लाख संस्था आहेत. पोस्टमन दिसला की त्याला आधी खुर्ची द्यावी 😀

पंचगंगा
मी कोल्हापुरात वकिली करतो. धागा वाचून वाटलं, आपल्याकडचं सांगावं, कारण इथले अनेकजण गावाकडेही भागीदारीत असतील.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. कलम ६९ मध्ये हेच तत्त्व आहे: फर्म नोंदलेली नसेल तर करारातून मिळालेल्या हक्कासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. १०० रुपयांपर्यंतच्या दाव्याला सूट आहे, ती आज कुणाच्या कामाची? करार मात्र इथेही वैधच राहतो, आणि समोरच्याने दावा लावला तर बचाव करता येतो.

पण एक फरक मोठा आहे आणि आपल्याकडचे पक्षकार तिथेच मार खातात. दीपमाळताईंचं प्रकरण न्यायाधीशांनी थांबवलं, नोंदणी झाल्यावर पुढे चालवलं. भारतात तसं होत नाही. दावा लावला त्या दिवशी फर्म नोंदलेली असली पाहिजे. नंतर नोंदणी करून तो दावा जिवंत होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये सांगितलंय. नवा दावा लावावा लागतो, आणि तोवर मुदत संपली असेल तर हात चोळत बसायचं. माझ्याकडे इचलकरंजीचे एक सूत व्यापारी आले होते. उधारी मोठी, कागद चोख, पण फर्मची नोंद नाही. मुदत संपायला १९ दिवस होते. ते १९ दिवस मी विसरणार नाही.

महाराष्ट्राने तर १९८४ मध्ये याहून कडक दुरुस्ती केली होती. नोंद नसलेल्या फर्मच्या भागीदाराला फर्म मोडण्यासाठी किंवा हिशेबासाठीही दावा लावायला बंदी. म्हणजे भावाने भावाला फसवलं तरी कोर्ट बंद. सर्वोच्च न्यायालयाने ती २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली, आणि योग्यच केलं. समोरच्या व्यापाऱ्याला सावध करण्यासाठी नोंदणीची सक्ती समजू शकतो. घरातल्या घरात लुबाडलेल्याला तोंड बंद ठेवायला सांगणं समजू शकत नाही.

येवला_पैठणी
वकीलसाहेब, राज्याबाहेरच्या धंद्याचं आमचंही ऐका. आम्ही दोघे भाऊ भागीदारीत. दरवर्षी हैदराबादला पैठण्यांचं प्रदर्शन लावतो. तेलंगणात आमचं दुकान नाही, तरी तिथे विक्री करायची तर त्या राज्यात 'कॅज्युअल' करदाता म्हणून जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, धंदा सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी, आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. नोंदणी ९० दिवस चालते, आणखी ९० वाढवून मिळते. पहिल्या वर्षी आम्हाला माहीत नव्हतं. माल नेण्यासाठी लागणारं ई-वे बिलही काढलं नव्हतं, माल ५०,००० च्या कितीतरी वर. नाक्यावर गाडी अडवली. कराच्या दुप्पट दंड भरला तेव्हा माल सुटला. प्रदर्शनाचे पहिले दोन दिवस रिकाम्या टेबलापुढे बसलो होतो. आईने फोनवर विचारलं, किती गेल्या? काय सांगणार.

आता दिवाळीआधी महिनाभर अर्ज टाकून मोकळे होतो.

गणूकाका
पंचगंगा आणि येवला, दोघांचं वाचलं. पण माझा मुद्दा कायम आहे. छोट्या माणसाला चार राज्यांचे चार दरवाजे. मोठ्यांकडे वकिलांची फौज असते, अडकतो आपणच.

ओंजळभर_फुलं
काका, छोट्या माणसाची बाजू म्हणूनच सांगते.

माझे सासरे निवृत्त आहेत, ओहायोत राहतात. त्यांना दुसऱ्या राज्यातून फोन यायचे, तेलविहिरीत भागीदारीचे. गोड बोलणं, रंगीत कागद, महिन्याला अमुक परतावा. कागदावर प्रत्येक गुंतवणूकदाराला 'जनरल पार्टनर' म्हटलं होतं. सासऱ्यांना तो मान वाटला. नंतर कळलं की ही जुनी युक्ती आहे. लिमिटेड पार्टनरचा हिस्सा विकणं म्हणजे रोखे विकणं, त्याला रोख्यांचे कायदे लागू होतात. सगळ्यांना जनरल पार्टनर म्हटलं की 'हे रोखे नाहीतच' असं सांगता येतं. कोर्ट मात्र नाव बघत नाही, कारभार खरोखर कुणाच्या हातात आहे ते बघतं. सासऱ्यांच्या हातात काय होतं? दर तीन महिन्यांनी येणारं एक पत्र.

पैसे बुडाले. आम्ही त्या भागीदारीचा पत्ता शोधायला लागलो तेव्हा ओहायोत नोंदच नव्हती. नोटीस द्यायची कुणाला, हेच कळेना. नोंदणी असती तर निदान एक रजिस्टर्ड एजंट असता, कागद घेणारा एक माणूस असता. राज्याच्या रोखे विभागात तक्रार केली. त्या बाईंनी आमच्यासारख्या लोकांच्या कितीतरी तक्रारी एकत्र केल्या होत्या. टेक्सासच्या सिक्युरिटीज बोर्डासारखी कार्यालयं अशा विक्रीवर तातडीचा मनाई आदेश काढू शकतात, सुनावणी नंतर. तसे आदेश निघतात म्हणून तरी पुढचे सासरे वाचतात.

कृष्णाकाठ आणि ते लोक एका तराजूत नाहीत, हे मला कळतं. पण बाहेरून पाहणाऱ्याला दोघंही सारखेच दिसतात: राज्यात धंदा करणारी, दुसऱ्या राज्यातली, पत्ता नसलेली भागीदारी. तो फरक दाखवायला दुसरा कागद कुठे आहे?

गणूकाका
सुनबाई, हे वाचून गप्प झालो. सासऱ्यांना नमस्कार सांगा. उद्या माझ्या तिन्ही घरांचे कागद वकिलाला पाठवतो.

मुळामुठा
एक शंका. मी एका एलएलसी फंडात थोडे पैसे घातलेत, चालवणारे कॅलिफोर्नियातले, मी राहतो आयोवात. माझ्या कंपनीच्या नावाने घातलेत. मलाही ८०० लागतील का?

शेवंती
तुमच्यासाठी जवळजवळ मापून शिवलेला खटला आहे. 'स्वार्ट एंटरप्रायझेस विरुद्ध फ्रँचायझी टॅक्स बोर्ड', कॅलिफोर्निया अपील कोर्ट, २०१७. आयोवातलीच एक कंपनी, कॅलिफोर्नियाच्या फंडात ५०,००० डॉलर घातलेले, हिस्सा ०.२ टक्के, कारभारात काही हात नाही. बोर्डाने ८०० मागितले, दंड-व्याजासकट हजारावर गेले. त्यांनी निषेध नोंदवून भरले आणि परताव्यासाठी दावा लावला. कोर्ट म्हणालं, नुसता हिस्सा धरून बसणं म्हणजे सक्रिय व्यवहार नव्हे. पैसे परत. हजार डॉलरसाठी ते अपिलापर्यंत लढले याचा मला फार आदर आहे, पुढच्या कितीकांचे पैसे त्यामुळे वाचले. पण हे कारभारात हात नसलेल्यांसाठी. कृष्णाकाठांना तो दरवाजा उघडा नाही.

टेक्सासकर
कृष्णाकाठ, एक गोष्ट रात्री लक्षात आली म्हणून घाईने लिहितोय. टेक्सासमध्ये कराराच्या भंगाच्या दाव्याला चार वर्षं आहेत, ती २०२७ पर्यंत. पण ग्राहकांच्या फसवणुकीच्या कायद्याखाली दावा लावायचा असेल तर दोनच वर्षं. करार १२ जून २०२३ चा म्हणालात. म्हणजे जून २०२५ डोक्यावर आहे. त्या कायद्यात भागीदारीही 'ग्राहक' असते, मालमत्ता २.५ कोटी डॉलरच्या आत असली की झालं. आणि दाव्याआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. जाणूनबुजून फसवलं हे सिद्ध झालं तर भरपाई तिप्पट होऊ शकते, म्हणून हा रस्ता सोडू नका. आजच वकिलाला फोन करा. नोटीस द्यायला नोंदणी लागत नाही, ती आधी जाऊ द्या.

कृष्णाकाठ
केला. उद्या सकाळी ९ ची वेळ मिळाली आहे.

दीपमाळ
काय झालं ते नक्की कळवा.

कृष्णाकाठ
सात आठवड्यांनी परत आलोय. धाग्यातल्या प्रत्येकाचा ऋणी आहे, म्हणून सविस्तर.

फसवणुकीची नोटीस दुसऱ्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने गेली. मग नोंदणीला लागलो, तर पहिली अडचण डेलावेअरलाच. कॅलिफोर्नियाच्या कागदांसाठी तिथलं गुड स्टँडिंगचं (संस्थेची देणी-कागद चोख असल्याचं) प्रमाणपत्र हवं होतं आणि आम्ही पार्टनरशिपचा एका वर्षाचा ३०० डॉलर कर चुकवला होता, चौघांपैकी प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने भरला. त्यावर २०० दंड आणि महिना दीड टक्का व्याज. भरलं. टेक्सासची नोंदणी झाली, उशिराच्या शुल्कासकट. जनरल पार्टनर एलएलसीचीही केली, वकील म्हणाले अर्धवट नको. टेक्सासमध्ये रजिस्टर्ड एजंट नेमला. कॅलिफोर्नियाचे मागचे रिटर्न शेवंतीताईंनी सुचवलेल्या पद्धतीने भरतोय, त्यात सगळ्यात जास्त पैसे गेले. अटर्नी जनरलकडून काहीही आलं नाही.

छप्परवाल्याच्या वकिलाचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यात खरोखरच लिहिलं होतं की तुमची संस्था नोंदलेली नाही, सबब दावा टिकणार नाही. आमच्या वकिलांनी उत्तरात फक्त नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं. दहा दिवसांनी तडजोडीचं बोलणं सुरू झालं. ३८,००० पैकी ११,००० चा चेक आला आहे, उरलेले हप्त्याने देतो म्हणतोय. हप्ता चुकला तर कागद तयार आहेत आणि या वेळी कोर्टात जाता येईल.

ओहायोच्या मित्राला इतिहासवेडा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्याने फोनवर मोठा श्वास सोडला.

ओंजळभर_फुलं
फार बरं वाटलं वाचून. सासऱ्यांना सांगितलं, तेही खूश झाले.

शेवंती
छान. हप्त्याचा करार लेखी आणि सहीचाच घ्या. आणि १ जूनला डेलावेअरचा कर आहे, दोन्ही संस्थांचे ३००-३००. या वेळी कोण भरणार ते आत्ताच ठरवा.

कृष्णाकाठ
मी भरणार. चौघांच्याही फोनवर २५ मेचं रिमाइंडर लावलंय.